भावाचा हिशेब

आम्ही किराणा दुकानदार. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंद्रायणीच्या काठी आमचं इंदुरी गाव. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या काळातली गढी आणि तिच्यातलं कडजाईचं देऊळ बघायला येणारे लोक पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा आमच्याकडूनच घेतात. दुकान अब्बांनी टाकलं. तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला. सुतळी गेली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, मग त्यांच्यावरही बंदी आली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. ती म्हणजे उधारीची वही.

अब्बा म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या घरात काय शिजतं ते बघायला चुलीपाशी जायला लागत नाही. वही बघायची." खरंच होतं ते. कुणाकडं पाहुणे आले, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, हे अब्बांना वहीवरून कळायचं. तेल अर्ध्या किलोवरून पावशेरावर आलं की ते त्या घरच्या पोराला हळूच विचारायचे, "बाबा कामावर जातो ना रे?" साऱ्या गावाच्या पोटाची खबर ठेवणारा हा माणूस. पण आपला थोरला मुलगा सौदीत काय खातो, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. आम्हांलाही कळलं नाही. हा लेख त्या न कळण्याबद्दलचा आहे.

भाई १९९६ साली जेद्दाला गेले. एसी दुरुस्तीचं काम शिकले होते. मुंबईच्या एजंटाला पैसे भरायला अम्मीच्या पाटल्या मोडल्या आणि एका नातेवाइकाकडून उसने घेतले. करारावर पगार नऊशे रियाल आणि खाण्याचे दोनशे वेगळे, असं लिहिलं होतं. तेव्हा रियाल साडेनऊ रुपयांच्या आसपास होता. अब्बांनी दुकानातल्या पुठ्ठ्यावर गुणाकार केला. साडेआठ हजार! गावात एवढा पगार कुणाला होता? खाण्याच्या दोनशेचाही गुणाकार झाला. एकोणीसशे रुपये. अब्बा हसून म्हणाले, "एवढ्यात तर आपलं सगळं घर महिनाभर जेवंल आणि वर पाहुणे जेवतील."

चूक तिथंच झाली. कमाई रियालमध्ये आणि खर्च इंदुरीच्या रुपयात, असा तो हिशेब होता. भाई रियालमध्ये कमावत होते आणि रियालमध्येच जेवत होते. दुकानदाराच्या घरातल्या माणसांना हे कळायला हवं होतं. पण गुणाकाराची गोडीच अशी, की भागाकार कुणाला आठवत नाही.

भाईंची पत्रं यायची. मजकूर ठरलेला. "मी खैरियतने आहे. खाण्यापिण्याचा त्रास नाही." पुढं शेजारी फोन आला. महिन्यातून एकदा बोलणं व्हायचं. मिनिटाला पैसे पडायचे म्हणून सगळे रांगेत उभे राहायचे. अम्मीचा प्रश्न एकच, "खाना बराबर है ना रे?" तिकडून उत्तर एकच, "हौ अम्मी, बराबर है." की रिसिव्हर पुढच्याच्या हातात.

बराबर म्हणजे काय, ते फार वर्षांनी कळलं. एका खोलीत आठ जण. खोलीची मेस. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे आणि पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा. सकाळी खुबूस आणि चहा. सरकार पिठाला अनुदान देतं म्हणून खुबूसची पुडी एका रियालला मिळायची. पाव महाग होत नव्हता म्हणून माणसं जगत होती. रात्री भात आणि डाळ, शुक्रवारी गोठवलेली कोंबडी. रमजान आला की खर्च निम्म्यावर यायचा. मशिदीत इफ्तारीचे दस्तरखान लागायचे. खजूर, ताक, भात, कोंबडी. परदेशी मजूर रांगेनं बसायचे. भाई सांगतात, "सवाबाची गोष्ट वेगळी. पण त्या महिन्यात पोट भरून खायचो आणि घरी शंभर रियाल जास्त पाठवायचो." ते शंभर रियाल आम्ही ईदच्या कपड्यांना वापरले.

भाताची तर वेगळीच कथा. आमच्या मावळात रोजच्या ताटात इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण काढलं आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. मऊ, थोडा चिकट, शिजताना घरभर वास. बासमती आमच्याकडं लग्नाला नाहीतर ईदच्या बिर्याणीला. सौदी अरेबिया हा भारतीय बासमतीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. तिथं बाकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, सेला बासमतीची पोती थप्पीला लावलेली असतात. भाई रोज बासमती खातात हे ऐकून आमची छाती फुगायची. "आमचे भाई रोज बासमती खातात," असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो. पहिल्या सुट्टीत भाई आले. अम्मीनं कौतुकानं बासमतीची बिर्याणी मांडली. भाई म्हणाले, "अम्मी, इंद्रायणी नाही का? नुसतं वरण घालून दे." आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परत जाताना भाईंची बॅग भरणं हा घराचा सण असायचा. किलो-किलोचा हिशेब. इंद्रायणी पाच किलो, मसाला दोन किलो, लसणाची चटणी, कोकम, पापड. पहिल्यांदा अम्मीनं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं मटणाचा मसाला कुटला. कांदा, खोबरं, खसखस. शेजारच्या गावातला सौदीला राहून आलेला एक जण भेटायला आला होता, तो ओरडलाच. सौदीत आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथं तिची गणना अमली पदार्थांत होते आणि सामानात सापडली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आमच्या दुकानात बरणीत उघडी ठेवलेली, लहान पोरांच्या शिऱ्यात घातली जाणारी खसखस! अम्मीनं तो मसाला बाजूला सारला आणि दुसरा कुटला. पुढं सव्वीस वर्षं भाईंचा मसाला बिनखसखशीचा. आम्ही त्याला घरात "सौदीचा मसाला" म्हणायचो.

येताना त्याच बॅगा भरून यायच्या. टँग, निडो दुधाची पावडर, खजूर, साबण, ब्लँकेट, झमझम. सगळ्या गल्लीत वाटप व्हायचं. ज्याला मिळायचं नाही तो रुसायचा. टँगची ती बाटली म्हणजे भाईंचे किती दिवसांचे जेवण, हा प्रश्न ती फोडताना कुणालाच पडला नाही.

घर वर चढलं. दुकानाला लोखंडी शटर लागलं. बहिणीचं लग्न झालं. अब्बा २००४ मध्ये गेले. भाई मातीलाही पोहोचू शकले नाहीत. २००९ मध्ये पगार वाढला, फॅमिलीचा इकामा मिळाला आणि भाबी, दोन मुलगे आणि मुलगी जेद्दाला गेले. आता भाई घरचं जेवणार म्हणून अम्मी निश्चिंत झाली. आम्हीही झालो.

इथं रुपयाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला पावणेचार रियाल. त्यामुळं रुपया डॉलरपुढं घसरला की तेवढाच रियालपुढं घसरतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर अडुसष्टवर गेला, रियाल अठरा रुपयांचा झाला. आम्ही खूश. पाठवलेले तेवढेच रियाल, हातात येणारे रुपये जास्त. भाईंच्या ताटात त्यानं एक घास वाढला नाही, हे उघड होतं. शिवाय रुपया पडला की परदेशातून येणारं पामतेल महाग होतं. म्हणजे जो रुपया भाईंच्या पैशाला फुगवत होता, तोच आमच्या दुकानातल्या तेलाच्या डब्याचा भाव चढवत होता. फायदा घराला, फटका गिऱ्हाइकाला. आणि भाई जिथं होते तिथंच. एके काळी दुबई, कतार, मस्कतकडं रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतनं १९६१ मध्ये तो रुपया सोडला आणि १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा दुबई, कतारनंही सोडला. आमच्या पिढीच्या नशिबी गुणाकार आला.

मग २०१६ उजाडलं. तेलाचे भाव कोसळले होते. सौदीतली बांधकामं थांबली, कंपन्यांचे पगार अडकले. ३० जुलै २०१६ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर सांगितलं, की सौदीत दहा हजारांहून अधिक भारतीय कामगारांवर उपासमारीची वेळ आली आहे. जेद्दाच्या भारतीय वकिलातीनं तिथल्या भारतीयांच्या मदतीनं छावण्यांत धान्य पोहोचवलं. आम्ही ती बातमी दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. लगेच भाईंना फोन लावला. भाई म्हणाले, "ते कँपमधल्या लोकांचं आहे. आमचं ठीक आहे. पगार जरा उशिरा होतोय, एवढंच." आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्याच महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता. भाईंना तसं सांगितलं. आठ दिवसांत वीस हजार आले.

२०१७ च्या जुलैपासून सौदी सरकारनं परदेशी कामगाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागं महिना शंभर रियाल कर लावला आणि दरवर्षी तो शंभरानं वाढणार असं जाहीर केलं. भाईंकडं चार माणसं. पहिल्या वर्षी चार हजार आठशे रियाल, दुसऱ्या वर्षी नऊ हजार सहाशे, चौथ्या वर्षी एकोणीस हजार दोनशे. तोही इकाम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ भरायचा. पगार साडेतीन हजार. त्यातच १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के व्हॅट आला, तो अन्नधान्यावरही. हिशेब सरळ होता. जून २०१८ मध्ये भाबी आणि मुलं इंदुरीला परत आली. अशी कितीतरी कुटुंबं त्या दोन वर्षांत परतली. भाई पुन्हा खोलीत, पुन्हा मेसमध्ये. वय शेहेचाळीस. १ जुलै २०२० ला व्हॅट पंधरा टक्के झाला. करोनाचे दिवस होते, विमानं बंद होती. शंभर रियालच्या सामानाला पंधरा रियाल कर. भाईंनी आम्हांला त्यातलं काही सांगितलं नाही. आम्ही पेपरात वाचलं आणि दुसऱ्या पानाकडं वळलो.

भाई २०२२ मध्ये कायमचे परत आले. गुडघे गेलेले, साखर वाढलेली. बॅगा उघडल्या तेव्हा टँग नव्हतं. कपड्यांच्या तळाशी एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आम्ही उचलून पाहिली. दुकानदाराची नजर, पहिल्या पानावरच ओळखली. उधारीची वही होती ती.

खालच्या बाकाल्याचा मालक मलबारी. आठ-नऊ वर्षं भाईंचं खातं त्याच्याकडं. भाई निघाले तेव्हा त्यानं हिशेब पुरा झाल्याची रेघ मारून ती वही भाईंच्याच हातात दिली. तारीख, माल, रियाल. अंडी एक ट्रे १३. तांदूळ पाच किलो ३०. मसूर एक किलो ७. टोमॅटो ५. खुबूस १. खुबूस १. खुबूस १.

आम्ही २०१६ च्या पानावर आलो. मे महिन्यापर्यंत कोंबडी आहे, दूध आहे, मुलांचं चीज आहे, मधूनच सफरचंद. जूनपासून कोंबडी गेली. जुलैत चीज गेलं. ऑगस्टमध्ये नुसते तांदूळ, मसूर, तेल, कांदा आणि रोजचा खुबूस. जमेच्या बाजूला पाच महिने एकही आकडा नाही. अब्बांच्या शब्दांत सांगायचं तर चुलीपाशी जायची गरजच नव्हती.

मग आम्ही आमची वही काढली. ऑगस्ट २०१६. "भाईंकडून आले, २०,०००. स्लॅब." दोन्ही वह्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. शेवटी भाबीला विचारलं, "पगार नव्हता तर पैसे आले कुठून?" भाबी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या दोन बांगड्या. आणि थोडे खोलीतल्या जुन्या सोबत्यानं दिले." जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "त्यांच्याच कंपनीची माणसं कँपात उपाशी होती. मी दोनदा खिचडीचं पातेलं पाठवलं. तांदूळ उधारीचेच होते. मलबारी म्हणाला, हे मी लिहीत नाही."

आम्ही त्या स्लॅबखाली उभे होतो.

"सांगितलं का नाही?" असं आम्ही भाईंना रागानंच विचारलं. माणूस शरमला की रागावतो. भाई म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं? किती पाठवतोस, कधी पाठवतोस, एवढंच विचारलंत." मग आमचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "आणि सांगून काय झालं असतं? अम्मी जेवली नसती." अम्मी आता राहिली नाही. ती "खाना बराबर है ना" विचारायची, हे खरं. पण तिच्या प्रश्नामागं रांगेत आम्ही उभे असायचो आणि आमच्या हातात यादी असायची.

आता भाईंचा थोरला मुलगा दुबईत आहे. इंजिनिअर झाला आणि २०२३ मध्ये गेला. आम्ही पुन्हा बॅग भरली, पुन्हा खसखस वगळली. तो गेला आणि त्याच वर्षी २० जुलैला सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. आठ दिवसांनी अमिरातीनं आपल्याकडचा भारतीय तांदूळ पुढं पाठवायला चार महिने मनाई केली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत लोकांनी तांदळासाठी रांगा लावल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. मग ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद. आमच्या गावावरून चाकणच्या बाजाराला कांद्याच्या गाड्या जातात. बंदी आली तसा भाव पडला. शेतकरी दुकानात येऊन डोक्याला हात लावून बसायचे. त्याच संध्याकाळी दुबईहून पुतण्या सांगायचा, "चाचा, इथं कांदा दुपटीच्या वर गेलाय." एकाच कांद्यानं इथं पिकवणाऱ्याला रडवलं आणि तिथं खाणाऱ्याला. कांद्याची बंदी ४ मे २०२४ ला उठली, तांदळाची २८ सप्टेंबर २०२४ ला. पण इतकी वर्षं भाव विकणाऱ्या आम्हांला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपल्या दारावरून जाणारी गाडी कुणाच्या तरी परदेशातल्या ताटापर्यंत जाते.

त्या डिसेंबरात पुतण्यानं नेहमीसारखे पैसे पाठवायचं म्हटलं. फोन भाईंच्या हातात होता. भाईंनी विचारलं, "आज काय शिजवलं?"

"ठीक आहे अब्बा, खाल्लं."

"काय खाल्लं ते सांग. या महिन्याचं किराण्याचं बिल पाठव आधी. पैशाचं मग बघू."

पोरगा हसला. पण बिलाचा फोटो आला. भाईंनी चष्मा लावून तो ओळीनं वाचला. अंडी आहेत, दूध आहे, भाजी कमी आहे. खोलीतली नूडल्सची पाकिटं मोजली. म्हणाले, "कांदा नाही घेतलास?" तो म्हणाला, "महाग आहे अब्बा." भाई म्हणाले, "या महिन्यात घरी दोन हजार कमी पाठव. कांदा आण. माणूस कांद्याशिवाय डाळीला फोडणी काय देणार?"

तेव्हापासून घरात रिवाज पडला आहे. एक तारखेला पुतण्याचं बिल येतं. ते आम्ही दुकानाच्या वहीत उतरवून घेतो. त्याच्या नावाचं पान आहे आता. दिरहमचे रुपये करत नाही. भाईंची सक्त ताकीद आहे. म्हणतात, "गुणाकार केलात तर त्याला महाग वाटेल आणि तुम्हांला तो श्रीमंत वाटेल. दोन्ही खोटं. किती खाल्लं एवढंच बघा."

आपल्यातल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी आखातात गेलेलं आहे. कोकणातल्या गावांत तर घराघरांतून गेलेलं आहे. पैसे किती येतात, हे आपल्याला पै-पैशासकट माहीत असतं. पाठवणाऱ्याच्या वहीत कोंबडी कधी बंद झाली, ते माहीत नसतं. ते माहीत करून घ्यायला फार काही लागत नाही. फोनवर पहिला प्रश्न बदलावा लागतो, आणि "बराबर है" या उत्तरावर थांबायचं नसतं.

मलबाऱ्याची ती वही आम्ही फेकली नाही. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, अब्बांच्या जुन्या वह्यांच्या थप्पीवर ठेवली आहे. भाई आता सकाळी दुकानात बसतात. परवा एक बाई पावशेर तेल घेऊन गेली. नेहमी अर्धा किलो नेते. भाईंनी वहीत लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि दारातून हाक मारली, "ताई, दादा कामावर जातो ना?"